विजेची मोटार निवडतांना

चाकणच्या बाजाराची ख्याति पूर्वीं कांद्यासाठीं आणि बैलांसाठीं होती. बैल घ्यावयास आलेला शेतकरी दलालाच्या बोलण्याकडे फारसें लक्ष देत नसे. तो दांत पाही, खांदा चाचपी, जनावर चार पावलें चालवून बघे आणि शेवटीं एकच विचार करी, कीं आपल्या विहिरीची मोट व आपल्या रानाची माती यांस हा बैल पुरेल कीं नाहीं. त्याच चाकणच्या परिसरांत आज महिंद्रा कंपनीच्या कारखान्यांत विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होतात, आणि तेथून थोड्याच अंतरावर पिंपरीच्या बाजूस टाटांच्या कारखान्यांत त्यांची प्रतिस्पर्धी बाहेर पडते. पुण्याच्या वेशीवरच ही चढाओढ चालली आहे. परंतु यांतील कोणती मोटार घ्यावी हा प्रश्न येथील सुशिक्षित कुटुंबांत ज्या रीतीनें सोडविला जातो, ती रीत पाहिली म्हणजे त्या शेतकऱ्याचें शहाणपण अधिक वाटूं लागतें.

ज्यांस हल्लीं एसयूव्ही म्हणतात त्या उंच बांध्याच्या गाड्यांत विजेचा खरा प्रसार २०२० च्या जानेवारींत टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारांत आली तेव्हांपासून झाला. तिच्या बॅटरींत ३०.२ युनिट वीज मावत असे. युनिट म्हणजे घरच्या विजेच्या बिलांत येतें तेंच युनिट. निराळें कांहीं नव्हे. पुढें २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं महिंद्रांनीं बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन मोटारी पुढें आणल्या, त्यांत ५९ किंवा ७९ युनिटांची बॅटरी होती. २०२५ च्या जानेवारींत ह्युंदाईची विजेवरील क्रेटा आली, आणि जूनमध्यें टाटांची हॅरियर ईव्ही ६५ व ७५ युनिटांच्या बॅटरीसह आली. पांच वर्षांत बॅटरी अडीचपट झाली. गिऱ्हाइकाच्या मनांतील भीति मात्र तेवढीच राहिली. ती भीति अशी, कीं वाटेंत वीज संपली तर काय करावयाचें?

या भीतीवर उतारा म्हणून कारखानदार एक मोठा आंकडा पुढें करतात. ७५ युनिटांची हॅरियर एका भरण्यांत ६२७ किलोमीटर जाते असें प्रमाणपत्र सांगतें, तर ७९ युनिटांची एक्सईव्ही ९ई ६५६ किलोमीटर जाते. हे आंकडे खोटे नाहींत. पण ते कोठें जन्मतात हें ठाऊक असावें. अशा परीक्षा घेणाऱ्या देशांतील प्रमुख संस्थांपैकीं एक, १९६६ सालीं स्थापन झालेली एआरएआय, पुण्यांतच वेताळ टेकडीवर आहे. तेथें मोटार रस्त्यावर धांवत नाहीं. तिचीं चाकें फिरत्या रुळांवर ठेवतात आणि ठराविक वेळापत्रकाप्रमाणें ती थांबवितात, चालवितात, वेग वाढवितात. त्या वेळापत्रकांतील कमाल वेग ताशीं ९० किलोमीटर असतो. वारा समोरून अंगावर येत नाहीं, मागें सामान नसतें आणि एप्रिलच्या उन्हांत गाडी थंड ठेवण्याचें कामहि नसतें. सर्व मोटारी एकाच मापानें मोजल्या जाव्यात यासाठीं ही परीक्षा आहे. अमुक गृहस्थ अमुक गांवीं पोंचेल कीं नाहीं हें ती सांगत नाहीं, आणि सांगण्याचा तिचा दावाहि नाहीं. टाटांनीं स्वतःच त्या ६२७ पुढें प्रत्यक्ष रस्त्यावरचा अंदाज ४६० ते ४९० किलोमीटर असा दिला होता. जाहिरातींत मोठा आंकडा मोठ्या टाइपांत छापतात, आणि घरांत वाद होतो तो मोठ्या टाइपांतील आंकड्यावर.

वेगाचें गणित इतकें सोपें आहे कीं शाळेंतील मुलानेंहि करावें. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून ताशीं ८० च्या ऐवजीं १०० वेगानें गेल्यास, त्याच अंतरासाठीं हवेशीं झगडण्यांत सुमारें दीडपट वीज खर्च होते. उलट, ज्याची पुणेकरांस फार धास्ती वाटते तो खंडाळ्याचा घाट मानला जातो तितका भारी नाहीं. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत चढ सुमारें ५५० मीटर. माणसें व सामान धरून अडीच टनांची गाडी तितकी उचलावयास शुद्ध हिशेबानें पावणेचार युनिटें लागतात. यंत्रांतील घट धरली तरी पांचाच्या आंत. उतरतांना ब्रेक लावला कीं तीच मोटर विद्युज्जनित्राचें काम करते आणि त्यांतील बराच भाग बॅटरींत परत येतो. पेट्रोलच्या गाडीनें घाट उतरल्यानें टाकींत पेट्रोल कधीं वाढलेलें नाहीं. घाट चढतांना आंकडा झरझर उतरतो तो पाहून घाबरणाऱ्यांनीं पलीकडचा उतार येईपर्यंत धीर धरावा. द्रुतगति मार्गावर वीज खाते ती घाईच.

आतां एका कुटुंबाची कल्पना करावी. राहणें कोथरुडास, मुलगा रोज हिंजवडीस जाणारा, सून शाळेंत शिक्षिका, वडील नुकतेच नोकरींतून निवृत्त झालेले. मोटारीचे पैसे कांहीं मुलाच्या पगारांतून हप्त्यानें, कांहीं वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधींतून जावयाचे. जाहीर झाल्या वेळीं हॅरियर ईव्हीची किंमत २१ लाख ४९ हजारांपासून आणि एक्सईव्ही ९ईची २१ लाख ९० हजारांपासून सुरू होत होती. दोहोंच्या वरच्या प्रकारांची तीस लाखांच्या आसपास जात होती. शिवाय भिंतीवर बसवावयाचा चार्जर या किमतींत नव्हता. त्याचे पन्नास हजारांच्या आसपास निराळे. मुलाचें म्हणणें, घ्यावयाचीच तर मोठ्या बॅटरीची घ्यावी, पुन्हां पुन्हां का घेतो आहोंत? वडील विचारतात, "आपण वर्षांतून किती वेळां कोल्हापूरच्या पुढें जातों?" हा एक प्रश्न शंभर जाहिरातींवर भारी आहे.

हिशेब मांडून पाहावा. हिंजवडीस जाऊन येणें सुमारें ४० किलोमीटर. एका युनिटांत सहा किलोमीटर धरले तर सात युनिटेंहि नाहींत. घरांतील पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटवरून ताशीं तीन युनिटांच्या वर वीज मिळते. म्हणजे रात्रीं सवादोन तासांत दिवसाची भरपाई होते. या कामाला ६५ युनिटांची बॅटरीहि दहापट मोठी आहे. मुंबईस जाऊन येणें ३०० किलोमीटर. बेताच्या वेगानें ६५ युनिटांत तेंहि जमतें. कोल्हापूरला जाऊन येणें ४६०. तेथें ६५ ची गाडी वाटेंत थांबणारच, आणि ७५ ची व ७९ चीहि बहुधा थांबणारच. मग अधिक पैसे देऊन विकत घेतलें काय? थोडा दिलासा, आणि रोज हिंजवडीपर्यंत वाहून न्यावयाचें जादा वजन. ज्यांचें माहेर किंवा शेत दोनशें किलोमीटरांवर आहे आणि जे दर पंधरवड्यास जातात, त्यांनीं मोठी बॅटरी अवश्य घ्यावी. इतरांच्या बाबतींत वडिलांचें बरोबर आहे.

वाटेंत थांबण्याच्या वेळेविषयींहि असाच घोटाळा होतो. वीस टक्क्यांपासून ऐंशींपर्यंत बॅटरी भरावयास एक्सईव्ही ९ईला वीस मिनिटें आणि हॅरियरला पंचवीस मिनिटें असें सांगतात. हें खरें, पण तें तेवढी वीज देणारें यंत्र मिळालें तर. हॅरियरमध्यें त्या साठ टक्क्यांची वीज ४५ युनिटें होते. वाटेवरील यंत्र ताशीं ६० युनिटें देणारें असेल तर पाऊण तास, आणि तीसच देणारें असेल तर दीड तास. तेथें दोन्ही मोटारी सारख्याच उभ्या राहतात. म्हणून नेहमींच्या वाटेवर कोणतें यंत्र कोठें आहे, तें चालू असतें कीं नाहीं, हें गाडी घेण्याच्या आधीं एकदां स्वतः जाऊन पाहावें.

पण या साऱ्याच्या आधीं येणारा प्रश्न फार कुटुंबें शेवटीं विचारतात: गाडी रात्रीं कोठें उभी राहणार, आणि तेथें सॉकेट आहे काय? पेठेंतील जुन्या वाड्यांत राहून मोटार रस्त्यावर लावणाऱ्यानें, कोणतीहि कंपनी कांहींहि सांगो, तूर्त विजेच्या मोटारीच्या वाटेस जाऊं नये. सार्वजनिक यंत्रावर रोज विसंबणें म्हणजे घरांत नळ नसतां गाय पाळण्यासारखें आहे. इमारतींत राहणाऱ्यांची अडचण निराळी. तेथें सोसायटीची संमति हवी असते आणि सभेंत कोणीतरी आगीचें नांव काढतें. २०२२ च्या मार्चमध्यें पुण्याच्या धानोरी भागांत एक विजेची स्कूटर पेटल्याचें चित्र घरोघर पाहिलें गेलें होतें. तें लोक विसरलेले नाहींत, आणि विसरावें असेंहि नाहीं. त्यानंतर सरकारनें बॅटरीच्या परीक्षा अधिक कडक केल्या. टाटा आणि महिंद्रा यांच्या वर सांगितलेल्या मोटारींत लोह व फॉस्फेट असलेली लिथियमची बॅटरी आहे. ती वजनास अधिक, पण उष्णता सोसण्यास चांगली. खरा धोका पुष्कळदां बॅटरींत नसून तळमजल्यावरील जुन्या तारांत असतो. मीटरपासून गाडीपर्यंत जाड तार, निराळा सुटा स्विच आणि नीट अर्थिंग हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावें. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें घरच्या चालू जोडणीवर स्वतःची गाडी भरण्यास मुभा आहे, हें सभेंत शांतपणें वाचून दाखवावें. भांडण करूं नये. शेजारी आहेत, आणि पुढच्या वर्षीं त्यांनाहि तीच तार लागेल. घरच्याच मीटरवर वीज घेतली तर महिन्याचीं युनिटें वाढून दर वरच्या टप्प्यांत जातो, म्हणून महावितरणकडे गाडीसाठीं निराळी जोडणी मागण्याचा विचार करावा.

मग दोहोंत निवड कशी करावी? अपघाताच्या सरकारमान्य परीक्षेंत दोघींसहि पांच तारे मिळाले आहेत; तेथें वाद नाहीं. हॅरियरच्या वरच्या प्रकारांत चारहि चाकांस जोर मिळतो. ज्याचा कोंकणांतील घराचा रस्ता पावसाळ्यांत चिखलाचा असतो त्याला तें उपयोगी, ज्याचा चिखलाशीं संबंध फक्त कर्वे रस्त्यावरील खड्ड्यांपुरता आहे त्याला तो जादा खर्च. एक्सईव्ही ९ईचा सामानाचा कप्पा मोठा आहे, पण तिची लांबी ४,७८९ मिलिमीटर आणि हॅरियरची ४,६०७. म्हणजे फरक सात इंचांचा. सोसायटीच्या दोन खांबांमधली जागा कागदावर सर्वांना सारखीच दिसते. टेप घेऊन ती मोजावी आणि चालवून पाहावयास दिलेली गाडी तेथें प्रत्यक्ष लावून पाहावी. त्या वेळीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसास मागच्या आसनावर बसवावें. बॅटरी तळाशीं असल्यानें कांहीं गाड्यांत जमीन उंच येते आणि गुडघे वर राहतात. अर्ध्या तासानंतर तें माणूस काय म्हणतें याकडे लक्ष द्यावें.

शेवटीं हमीचा कागद. दोन्ही कंपन्यांनीं या मोटारींच्या पहिल्या खाजगी मालकास बॅटरीची ‘आजीवन’ हमी दिली आहे. टाटांच्या कागदांत त्या आयुष्याचा अर्थ पंधरा वर्षें असा आहे. गाडी विकली कीं हमी बदलते. महिंद्रांच्या अटींत ती दुसऱ्या मालकास दहा वर्षें किंवा दोन लाख किलोमीटर, जें आधीं होईल तेवढी उरते. वडिलांच्या निधींतून पैसे जावयाचे असतील, तर गाडी वडिलांच्या नांवावर घ्यावी कीं मुलाच्या, हें सही करण्यापूर्वींच ठरवावें.