जुन्या तबकड्या : काय ठेवावे आणि काय टाकावे

(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात जयसिंगपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिष्यवृत्त्या, वधूवर-सूचना आणि वसतिगृह अशा जिव्हाळ्याच्या प्रश्नांच्या पंक्तीत ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांचा प्रश्न कोठून आला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. तो आपल्याच कार्यालयामागील खोलीतून आला आहे. घरे बदलताना आणि जुने वाडे उतरवताना कुटुंबांनी वेळोवेळी आणून दिलेल्या तबकड्यांनी ती खोली भरली आहे, आणि तीच खोली मुलींच्या अभ्यासिकेसाठी हवी आहे. एक पक्ष म्हणतो, सारे भंगारवाल्यास द्यावे. दुसरा म्हणतो, वाडवडिलांची वस्तू आहे, एकही हलवू नये. आमच्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करीत आहेत. निवड करण्याचे श्रम दोघांनाही नको आहेत. अभ्यासिका झालीच पाहिजे, आणि ती करताना जे पुन्हा कोठेही मिळणार नाही ते आपल्या हातून नष्टही होता कामा नये.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून लाख मिळते. तीच लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून ही तबकडी दाबून काढीत. भारतात पहिली ध्वनिमुद्रणे १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाली. ज्या वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेच हे वर्ष होय. प्रारंभी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. तेथील कारागिरांस गायकाची ओळख पटावी म्हणून गाणे संपताच गायक स्वतःचे नाव पुकारीत असे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच होऊ लागल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवणे ही त्या काळच्या गवयांची कसोटीच होती. १९७० च्या सुमारास आपल्या देशात या तबकड्यांचे उत्पादन थांबले. आता जेवढ्या उरल्या तेवढ्याच आहेत, आणि त्यांतील दर वर्षी काही फुटतच असतात.

लाखेचे घर म्हटले की आपणांस पांडवांचे लाक्षागृह आठवते. या तबकड्यांवरही तसाच प्रसंग येऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध आले. नवी तबकडी हवी असल्यास जुनी परत द्या, असे लोकांस सांगण्यात येई, आणि जमा झालेल्या तबकड्या दळून त्यांच्यापासून नव्या करीत. किती आवाज त्या घाण्यात गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. यादी न करता भंगारात घातलेल्या वस्तूची गत अशीच होते.

आपण तर या कलेच्या माहेरी राहतो. येथून हाकेच्या अंतरावर मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी वास्तव्य केले. १९३७ मध्ये त्यांचे देहावसान झाले, आणि तेथील दर्ग्याच्या परिसरात ते चिरविश्रांती घेत आहेत. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मल्या. बालगंधर्वांचे जन्मगाव नागठाणेही कृष्णाकाठचेच. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची मात्र तबकडी नाही. १९४६ मध्ये ते गेले आणि त्यांचा आवाजही त्यांच्याबरोबर गेला. त्यांची गायकी कशी असेल याचा अंदाज आज आपण त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या ध्वनिमुद्रणांवरून बांधतो. ध्वनिमुद्रण असणे आणि नसणे यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

केसरबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर ही अंतराळयाने सोडली. त्यांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत केसरबाईंच्या भैरवीचा समावेश आहे. निवड झाली त्या वेळी त्यांची ती रेकॉर्ड बाजारातून नाहीशी झाली होती. पुष्कळ शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती मिळाली. त्या दुकानदाराने ते खोके अडगळ म्हणून आधीच टाकून दिले असते तर? पंडित भीमसेन जोशी यांनीही बालपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गाणे शिकण्याच्या ओढीने घर सोडले, हे सर्वश्रुत आहे.

याचा अर्थ प्रत्येक तबकडी रत्न आहे असा नव्हे. लोकप्रिय नाट्यपदांच्या आणि चित्रपटगीतांच्या असंख्य प्रती निघाल्या. त्यांतील अनेक गाणी पुढे मोठ्या तबकड्यांवर, कॅसेटवर आणि आता संगणकावरही आली. अशा गाण्याची खरखरणारी, झिजलेली तिसरी प्रत ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून आमची पहिली कसोटी अशी, की हा आवाज अन्यत्र सुरक्षित आहे काय? सुरक्षित असेल तर तबकडीची स्थिती पाहावी आणि उत्तम प्रत तेवढी ठेवावी. नसेल तर तबकडी झिजलेली असो वा तडकलेली असो, ती ठेवलीच पाहिजे. सुंदर दिसते ते ठेवावे आणि जीर्ण दिसते ते टाकावे, हा न्याय येथे उलटा पडतो.

दुसरी कसोटी वयाची. एकाच बाजूस गाणे असलेल्या तबकड्या, आणि १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन येण्यापूर्वी कर्ण्यात गाऊन केलेली मुद्रणे, ही न निवडता बाजूस काढावीत. तिसरी कसोटी कंपनीची. मोठ्या कंपन्यांच्या तबकड्या पुष्कळ संग्रहांत सापडतात. मुंबईच्या ‘यंग इंडिया’सारख्या, पुढे बंद पडलेल्या छापांच्या त्या मानाने दुर्मिळ असतात. पोवाडे, कीर्तने, भाषणे आणि नाटकांतील प्रवेश यांनाही पुन्हा मुद्रित होण्याचे भाग्य क्वचितच लाभले. दोन तबकड्या सारख्या दिसल्या तरी मधल्या गुळगुळीत भागातील कोरलेले आकडे ताडून पाहावेत. कधी कधी छापील क्रमांक एकच असून गाणे मात्र दुसऱ्या वेळी गायलेले असते.

आता एक नाजूक गोष्ट. ही निवड करताना काही मंडळी अभंग आणि भक्तिगीते एका बाजूस ठेवून लावण्या, ठुमऱ्या व गझला सहज टाकून देतील, अशी आम्हांस धास्ती वाटते. श्रीनामदेवांच्या नावाने एकत्र आलेल्या आपल्या शिंपी समाजास अभंग प्रिय असावेत हे योग्यच. परंतु या कलेच्या आरंभी अनेक थोर उस्ताद यंत्रापुढे गाण्यास तयार नव्हते आणि घरंदाज स्त्रियांस तर तशी मोकळीकच नव्हती. तेव्हा गौहरजान आणि तिच्यासारख्या व्यावसायिक गायिकांनी कर्ण्यापुढे उभे राहून हा ठेवा निर्माण केला. ज्यांना समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांचेच गाणे समाजाने पैसे देऊन घरात आणले. आता त्यांच्या तबकड्या सोवळेपणाच्या नावाखाली बाहेर काढणे हा दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल. ‘आपला’ गायक कोण आणि ‘परका’ कोण, हाही प्रश्न येथे विचारू नये. राजर्षींनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेल्या या गावात तो शोभणारही नाही.

हाताळणीविषयी थोडे. तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण मद्यार्कात लाख विरघळते. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी. ओल्या फडक्याची गरज पडलीच तर कागदी चकती भिजू न देता पुसून लगेच वाळवावे. आडव्या चळती रचू नयेत. खालच्या तबकड्यांवर भार येतो आणि उन्हाळ्यात त्या वाकतात. उभ्या, एकमेकींस टेकून, पण न कलता ठेवाव्यात. शंभर तबकड्यांचे ओझे वीस किलोंच्या वर जाते, म्हणून कपाट भक्कम हवे. परीक्षा म्हणून चावीच्या जुन्या यंत्रावर गंजकी पिन लावून त्या वाजवू नयेत. पोलादी पिन एका बाजूपुरतीच असे, आणि तीच पुनःपुन्हा वापरल्याने कित्येक तबकड्या खरवडून गेल्या. पुढच्या काळातील मोठ्या रेकॉर्डची सुईही चालत नाही. या तबकड्यांस तिच्या जवळजवळ तिप्पट जाड टोकाची सुई लागते. कापडाप्रमाणे सुई बदलावी लागते, हे शिंपी समाजास आम्ही वेगळे सांगावयास नको.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील कित्येक घरांत पाणी शिरले. अशा घरांतून आलेल्या काही तबकड्यांची कागदी चकती निघून गेली आहे. त्या निरुपयोगी समजून प्रथम टाकल्या जातील. तसे करू नये. थोडा वेळ पाण्यात राहिल्याने गाणे पुसले जात नाही, आणि कागद गेला तरी तबकडीवर उमटवलेला क्रमांक राहतो. जुन्या सूचीपत्रांशी तो ताडून पाहिल्यास गायकाचे नाव पुन्हा मिळू शकते. याच कारणासाठी विक्रेत्याचा शिक्का असलेली पाकिटे, गाण्यांची छापील पत्रके आणि सूचीपत्रेही जपावीत.

आमची सूचना अशी आहे. प्रथम यादी करावी. कंपनी, क्रमांक, गायक, गाणे, स्थिती आणि देणाऱ्या कुटुंबाचे नाव अशी तिची सहा घरे असावीत. माप घेतल्यावाचून कात्री लावू नये, हा आपल्या धंद्याचा पहिला धडा येथेही लागू आहे. नंतर तीन वाटे करावेत. दुर्मिळ तबकड्या मंडळाच्या एका कपाटात राहतील, आणि कपाट एकच असेल. नकला व सर्वत्र मिळणाऱ्या तबकड्या प्रथम देणाऱ्या कुटुंबास आणि त्यांना नको असल्यास संग्राहकांस द्याव्यात. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी या कामास वाहून घेतले आहे. ठिकऱ्या झालेल्या, आणि ज्यांची चांगली प्रत आहे असे ताडून पाहिले आहे, तेवढ्याच भंगारात जाव्यात. जे ठेवू त्याच्या संगणकीय प्रती आपल्या मुलांकडून करून घ्याव्यात. आपल्याकडील कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो. कवी व संगीतकार यांचे हक्क निराळे असतात. प्रती इतरांस देताना याचे भान असावे. आणि प्रत झाली म्हणून मूळ टाकू नये. आजच्या यंत्रास न ऐकू आलेले उद्याच्या यंत्रास ऐकू येईल.

एके काळी आपल्या कित्येक घरांत दोनच यंत्रे असत, शिवणयंत्र आणि ग्रामोफोन. पहिल्याने पोट भरले आणि दुसऱ्याने दिवसभराचा शीण घालवला. पोटाच्या यंत्राची आपण कृतज्ञतेने पूजा केली. दुसऱ्याचे ऋण एका कपाटाएवढे तरी मानावे, आणि उरलेली सारी खोली आपल्या लेकींना द्यावी. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलींपैकी एखादीला कधी ते कपाट उघडावेसे वाटले, तर आत काय आहे हे सांगणारी यादी तिच्या हाती असावी, एवढीच आमची विनंती आहे.