हलगीला खुर्ची कधी?

(सात रस्ता, सोलापूर इथं केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. संगीतातला पंडित नाही. तरी आज एका काळ्या मास्तराची गोष्ट सांगणार आहे, कारण ती आपल्या हलगीचीही गोष्ट आहे.

जॅझ हे अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडांचं संगीत. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा काळ्या वादकांचा ताफा मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवायला आला होता. साहेबाच्या जेवणाला काळ्याचं वाजवणं चालायचं. पण तेच संगीत विद्या म्हणून शिकवायचं म्हटलं, की कपाळाला आठ्या!

जॅकी मॅक्लीन १९३१ साली न्यूयॉर्कात जन्मला. शेजारच्या बड पॉवेलकडे बसून शिकला. विशीतच माइल्स डेव्हिसबरोबर त्याची रेकॉर्ड निघाली. मग नशेत अडकला आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायचा त्याचा परवानाच गेला. तोच माणूस साठीच्या दशकाच्या अखेरीला हार्टफर्ड विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात मास्तर झाला. त्यानं नुसते सूर नाही शिकवले, सुरांमागचा इतिहास शिकवला. १९८० साली तिथं आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा विभाग उभा केला. त्याआधीच, १९७० साली, बायको डॉलीसोबत वस्तीतल्या पोरांसाठी ‘आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह’ काढलं होतं. २००० साली कॉलेजनं जॅझच्या विभागाला त्याचंच नाव दिलं. २००६ साली तो गेला.

आता आपलं बघा. बापजाद्यांनी हलगी टाकली. बरोबर केलं! ती पाटलाच्या वरातीपुढं, मढ्यापुढं, शिळ्या तुकड्यासाठी वाजत होती. बाबासाहेबांनी सांगितलं, गावकीची घाण कामं सोडा. सोडली. पण गुलामी टाकताना आपलाच हात तोडायचा नसतो. मॅक्लीननं शरम टाकली, सूर ठेवला.

काही मित्र म्हणतील, हलगी म्हणजे परत जातीचं काम. मी म्हणतो, हुकमावर वाजवलं तर जातीचं काम. पगारावर, हजेरीपटावर, आपल्या इतिहासासकट शिकवलं तर ती विद्या. ज्या म्हाताऱ्याच्या बोटांत तो ठेका हाये, त्याला पदवी विचारू नका. आधी ऐका, मग खुर्ची द्या. ही मागणी आपण संगीताच्या प्रत्येक कॉलेजच्या दारात नेली पाहिजे.

आणि दार उघडेपर्यंत हात बांधून बसायचं नाही. आपल्या समाजमंदिरात रविवारी वर्ग भरवा. पोरांना शिकवा, पोरींनाही शिकवा. म्हातारे चाललेत, मित्रांनो. त्यांच्याबरोबर ठेकाही जाईल.

जय भीम!