रात्री आठ वाजता वायफाय कुठे अडतं?

गावात वायफाय चालवणाऱ्या गटांकडून एक प्रश्न सारखा येतो, एका लाइनवर किती घरं घ्यायची? आमचा बचत गट दोन वर्षं हे काम करतोय. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर एक राउटर आणि १०० एमबीपीएसची फायबर लाइन, एवढंच आमचं भांडवल. उन्हाळ्यात आमच्याकडे ११ नवे अर्ज आले, आणि त्याच दिवसांत जुनी घरं सांगायला लागली की रात्री आठनंतर काही चालत नाही. हो म्हणावं तर जुन्या गिऱ्हाइकांचा अन्याय, नाही म्हणावं तर गटाचं उत्पन्न तिथंच थांबणार.

आधी परवानगीचं सांगतो. घरच्या कनेक्शनचा पासवर्ड शेजाऱ्यांना पैसे घेऊन देणं नियमात बसत नाही. त्यासाठी पीएम-वाणी आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. तिच्यात दुकानदार असो की गट, पब्लिक डेटा ऑफिस म्हणजे पीडीओ होऊ शकतो आणि त्याला वेगळा परवाना लागत नाही. पूर्वी एसटीडी-पीसीओ असायचे ना, तसंच. फोनच्या जागी नेट. बाकीचं कागदी काम सोपं आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आता तक्रारीचं. लाइन बसवणाऱ्यांनी पाहिलं आणि लगेच म्हणाले, ताई, २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. आम्ही म्हटलं, थांबा, आधी मोजू. रात्री नऊ वाजता गटातल्या मुलीचा लॅपटॉप तारेनं थेट राउटरला जोडला. वेग आला ९०. त्याच वेळी वरच्या आळीत, मोबाइलवर, वायफायवरून आला ४. म्हणजे लाइनमध्ये पाणी भरपूर होतं, ते हवेत अडत होतं. मोठा प्लॅन घेतला असता तर तारेवर १८० दिसले असते आणि वरच्या आळीत पुन्हा ४च. हे मोजमाप फुकट आहे, दहा मिनिटांचं आहे. प्लॅन वाढवण्याआधी प्रत्येक गटानं ते करावंच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हवेत अडतं म्हणजे काय? पंगत डोळ्यांपुढे आणा. पन्नास पानं आणि वाढपी एकच. वायफायचा राउटर एका वेळी एकाच फोनशी बोलतो, बाकीचे थांबतात. जवळचं पान झटकन वाढून होतं. पण पंगतीच्या टोकाला बसलेल्या आजींना ऐकू कमी येतं, त्यांना एकच गोष्ट सावकाश, पुन्हा पुन्हा विचारावी लागते. तेवढा वेळ सगळी पंगत थांबते. समजा, जवळचा फोन एकटा असताना ६० एमबीपीएस घेतो आणि लांबचा ६. दोघांनी एकदम मागणी केली तर साध्या राउटरवर दोघांनाही साडेपाचच्या आसपास मिळतात. वाढपी दोघांना सारखे घास देतो, पण लांबच्या घासाला दहापट वेळ जातो. म्हणून फोन किती जोडलेत यापेक्षा ते कुठे बसलेत हे आधी बघायचं. राउटरच्या खोक्यावर १०० फोन चालतील असं छापलेलं असतं. चालतात, पण फक्त जोडलेले राहतात.

आम्ही आठ दिवस रात्री साडेआठला राउटरच्या पानावर बघून वहीत लिहिलं. जोडलेले फोन ३८च्या आसपास, पण खरोखर काही ओढणारे १४-१५. मोबाइलवर मध्यम प्रतीचा व्हिडिओ १ एमबीपीएसमध्ये चालतो, चांगल्या प्रतीचा ३ मध्ये. पंधरा जणी मालिका बघत असल्या तरी लाइन अर्धीसुद्धा भरत नाही. त्या यादीत खाणारे दोनच प्रकार निघाले. एक, वरच्या आळीतले सात फोन, ज्यांचा सिग्नल अगदी क्षीण. दुसरा, फोटोंचा बॅकअप. रात्री फोन चार्जिंगला लागला की तो गुपचूप दिवसभराचे फोटो वर पाठवायला लागतो, आणि तोच फोन वरच्या आळीतला असला तर विचारूच नका.

यात खरा फटका बसत होता आमच्या बँक सखीला. ती संध्याकाळी शेतातून आलेल्या बायकांना अंगठ्यावर पैसे काढून देते. त्याला नेट अगदी थोडं लागतं, पण ते त्या क्षणी लागतं. व्यवहार अर्धवट राहिला की समोरच्या बाईचा जीव टांगणीला. म्हणून पहिलं काम तिचं केलं, तिच्या टेबलापर्यंत तार ओढली. जे जागेवरून हलत नाही ते तारेवर घ्यावं, तेवढीच हवा मोकळी होते.

दुसरं, प्रत्येक फोनला मर्यादा लावली, उतरताना ४ एमबीपीएस, चढताना १. फोटो पहाटेपर्यंत जातात, कुणाचं काही बिघडत नाही. जास्त पैसे घेऊन एखाद्या मोठ्या घराला जास्त वेग द्यावा असंही बैठकीत निघालं होतं. आम्ही नाही म्हटलं. पंगतीत एकाला आधी आणि दुप्पट वाढलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तिसरं काम वरच्या आळीचं. अंतर ३०० मीटर, आणि नेटची साधी तांब्याची तार १०० मीटरपुढे चालत नाही. म्हणून ५ गिगाहर्ट्झच्या अँटेनांची जोडी घेतली, एक गच्चीवर, एक शाळेवर, तिथून पुढे वेगळा राउटर. या लहरींना २०१८ पासून परवाना लागत नाही, मात्र समोरासमोर मोकळं दिसायला हवं. मधली जांभळाची एक फांदी मालकिणीला विचारून उतरवली. पावसात ओली पानं सिग्नल खातात. दोन्ही राउटरांना २.४ गिगाहर्ट्झवर वेगळे चॅनल दिले, एकाला १ आणि दुसऱ्याला ११. १, ६ आणि ११ हे एकमेकांच्या पायात येत नाहीत. सगळा खर्च साडेनऊ हजार, गटाच्या निधीतून.

आता नव्या अर्जांचं. आम्ही आकडा ठरवला नाही, कसोटी ठरवली. रविवारी रात्री साडेआठला सगळ्यांत लांबच्या घरातून पाच मिनिटं व्हिडिओ कॉल लावायचा. दोनदा अडखळला तर त्या महिन्यात नवं घर नाही. या कसोटीवर ११ पैकी चार घरं घेतली, चौघी राउटरच्या जवळच्या. नंबर आमचा आधी होता, असं म्हणत दोघी रुसल्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांची घरं ओढ्यापलीकडे आहेत, तिथून शाळा दिसत नाही. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर आणखी एक अँटेना बसली तर दिसेल, पण टाकीपाशी वीज नाही. सोलर पॅनल आणि बॅटरीचा खर्च काढायला दोघी-तिघींना सांगितलंय. तोवर त्या घरांना शाळेच्या ओट्यावर एका दिवसाचं कूपन अर्ध्या दरात.