मुलींनो, उभ्या राहून विचारा



"विधिमंडळाचं कामकाज कसं चालतं ते मुलांना सांगा," असं मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं. प्रतिवेदक म्हणून मी सभागृहात बसत आले, सदस्य बोलतील तो शब्द न् शब्द टिपत आले. पण आज बाभुळगावात उतरले आणि डोळ्यांपुढे आमचा आठवीचा वर्गच उभा राहिला. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्म्या मुली गैरहजर असायच्या. मराठीचे सर त्यांना बोलवायला थेट वावरात जायचे. परिपाठात एकानं बातमी वाचायची आणि तिच्यावर मुलींनीच प्रश्न विचारायचा, हा त्यांचा नियम. मी पहिला प्रश्न विचारला तो बेंबळा नदीच्या पुराबद्दल. पाय लटपटत होते, पण सरांनी मला खाली बसू दिलं नाही.

कामकाजाचं एवढंच सांगते. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न विचारता येतो. मनात कितीही असलं, तरी जो उभा राहून बोलतो त्याचंच म्हणणं कागदावर येतं.

अशाच उभ्या राहिलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते, आपला यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता तेव्हाची. अनसूयाबाई काळे १८९६ साली बेळगावला जन्मल्या आणि लग्नानंतर नागपूरच्या झाल्या. १९२८ मध्ये सरकारनं त्यांना प्रांताच्या कायदे कौन्सिलवर नेमलं. १९३० साली सविनय कायदेभंगानं देश पेटला आणि त्यांनी ते पद सोडून दिलं. १९३७ मध्ये त्या निवडून आल्या आणि प्रांताच्या विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. बायांना घराबाहेर पडायलाही परवानगी लागायची, त्या काळात! १९४२ च्या आष्टी-चिमूरच्या लढ्यात अनेकांना फाशी सुनावली गेली. त्यांचे जीव वाचावेत म्हणून या बाईंनी जिवाचं रान केलं. पुढे १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही वेळा नागपूरनं त्यांना लोकसभेत पाठवलं. मला त्यांच्या पदांपेक्षा तो १९३० चा राजीनामा मोठा वाटतो.

आता जरा बाहेरच्या जगाकडे बघा. आफ्रिकेतला रवांडा हा छोटा देश. भीषण नरसंहारातून उठलेल्या या देशाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २००८ साली निम्म्याहून जास्त बाया निवडून आल्या. असं जगात पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडेही लोकसभा-विधानसभेत महिलांना एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. आपल्या यवतमाळ-वाशिमनं तर भावनाताई गवळींना तीनदा लोकसभेत पाठवलं. म्हणजे वाट आहे. पण मुलींनो, खुर्ची मिळाल्यावर बोलू, असं म्हणू नका. आधी बोलायला लागा. वर्गात समजलं नाही तर उभ्या राहा. एसटी वेळेवर येत नसेल तर आगारात जाऊन विचारा. घरी लग्नाची बोलणी सुरू झाली, तर तिथंही विचारा.

पुढच्या रांगेत आसपासच्या गावांच्या सरपंचताई बसल्या आहेत. ताई, तुमच्या शेजारी तुमचे यजमान आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ग्रामसभेत प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या, त्यांनी नाही. आणि दादा, तुम्ही त्यांना बोलू द्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. २६ जानेवारी जवळ आली आहे. त्या दिवशीच्या ग्रामसभेला या नववी-दहावीच्या मुलींना घेऊन जा, मागं बसू द्या, ऐकू द्या. शाळेत मुलींसाठी धड स्वच्छतागृह आहे का, हे त्यांच्यापैकीच एखादीनं विचारलं, तर तिला गप्प बसवू नका. तिचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.

बक्षिसं वाटायची राहिली आहेत, मुलं ताटकळली आहेत. थांबते. जय हिंद, जय महाराष्ट्र.