गीझरच्या काचेतले आकडे

(आगरदांडा येथील महिला मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



हळदीकुंकू, बक्षीस समारंभ आणि मुलींची गाणी यांच्या मध्येच कोणी उठून गॅसच्या गीझरवर बोलू लागावे, हे जरा चमत्कारिक दिसेल. पण चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मला दुसरा सुचलाच नाही. आपल्याकडच्या घरांतला तांब्याचा बंब माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी न्हाणीघराच्या भिंतीवर एक पांढरी पेटी येऊन बसली. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या घरांत तर अशा दोन दोन, तीन तीन पेट्या. ती पेटी अडली की तिच्या इवल्याशा काचेत एक अक्षर आणि एक आकडा उमटतो. आपण काय करतो? तोटी बंद करतो, पुन्हा सोडतो, पुन्हा बंद करतो. आकडा गेला की समाधान! त्या आकड्याचा अर्थ काय, आणि कोणत्या गोष्टीचा आकडा ती पेटी कधीच दाखवीत नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

गीझर हा शब्द आइसलंड बेटावरचा. तिथे जमिनीतून उकळते पाणी कारंज्यासारखे उडते, त्यातल्या एका कारंज्याचे हे नाव. (आपल्याला इतके लांब जावयास नको, पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडे आहेतच. ती उसळत नाहीत, एवढेच.) १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन नावाच्या गृहस्थाने गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

आता पेटीच्या पोटात काय चालते ते पाहू. तुम्ही तोटी सोडता. पाणी आत वाहू लागले की त्याच्या दाबाने एक रबरी पडदा हलतो आणि एक लहान बटण दाबले जाते. त्याबरोबर दोन मोठ्या सेलांच्या विजेवर ठिणगीची काडी टक टक ठिणग्या टाकू लागते आणि गॅसचा पडदा उघडतो. ज्योत लागते. इथे एक मौजेची गोष्ट आहे. ज्योतीतून वीज वाहू शकते. ज्योतीत बुडालेली एक बारीक धातूची काडी असते, तिच्यातून अगदी सूक्ष्म प्रवाह ज्योतीवाटे जातो, आणि त्यावरून पेटीला कळते की जाळ लागला. काही सेकंदांत प्रवाह आला नाही तर पेटी गॅस बंद करते. नाही तर न जळलेला गॅस न्हाणीघरात भरत राहील. तिसरी राखण असते ती पाण्याच्या उष्णतेची. पाणी फार तापले की तीही गॅस तोडते.

म्हणजे पेटी जाळ, पाणी आणि ताप या तीनच गोष्टी पाहते, आणि यांपैकी जे बिघडले असेल ते ती आकड्यात सांगते. काही गीझरांना धूर बाहेर फेकणारा पंखा असतो, त्याचाही एक आकडा असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ स्वस्त गीझरांत मात्र बिघाडाचा आकडा मुळीच नसतो. काचेत दिसते ती फक्त पाण्याची उष्णता. आमच्या शेजारच्या आजींनी ‘४२ नंबरचा बिघाड’ आला म्हणून गॅसवाल्याला फोन लावला होता. बिचारे पाणी फक्त ४२ अंश तापले होते! म्हणून प्रथम गीझरबरोबर आलेली पुस्तिका काढा आणि तुमची पेटी बोलकी आहे की मुकी, ते पाहा.

पेटी बोलकी असली तरी सगळ्या पेट्यांची भाषा एक नसते. पुष्कळ पुस्तिकांत ‘ई १’ म्हणजे ज्योत लागली नाही, असे असते. पण शेजारणीच्या ‘ई ३’चा अर्थ आपल्या ‘ई ३’ला लावू नये. माझी भाची इंग्लंडात असते. तिकडे थंडी अशी की गॅसचा बॉयलर नुसते नहाण्याचे पाणी तापवीत नाही, सगळे घर तापवतो, आणि डिसेंबरात तो बंद पडला म्हणजे घरात बसवत नाही. तिच्या तोंडून मी हे आकडे प्रथम ऐकले. वैलंट या जर्मन कंपनीच्या बॉयलरवर ‘एफ २८’ आला तर ज्योत सुरुवातीलाच लागली नाही, आणि ‘एफ २९’ आला तर लागली होती पण चालता चालता विझली. रिन्नाय या जपानी कंपनीच्या गीझरवर याच दोन गोष्टींना ११ आणि १२ म्हणतात.

हा भेद मला फार उपयोगाचा वाटतो. ज्योत लागलीच नाही तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद असेल, सेल उतरले असतील, ठिणगीची काडी गंजली असेल, किंवा सिलिंडर नुकताच बदलल्यामुळे नळीत हवा अडकली असेल. लागून विझली तर गॅस संपत आला असेल, वाऱ्याचा झोत आला असेल, किंवा जाळ ओळखणाऱ्या काडीवर काजळी धरली असेल. एकाच आकड्याच्या मागे चार कारणे असू शकतात. आकडा दुखरी जागा दाखवतो, रोगाचे नाव सांगत नाही. वैद्याने नाडीवर बोट ठेवले म्हणजे औषध मिळाले असे आपण म्हणतो का?

आमच्या आळीतल्या एका घरी दिवाळीत पाहुणे आले होते. गीझरवर ‘ई १’ येई. घरातल्या मुलाने तोटी दहा-बारा वेळा सोडून पाहिली. दर वेळी थोडा थोडा गॅस बाहेर पडला, आणि शेवटी एकदा ठिणगी लागली तेव्हा भप्पकन जाळ खाली आला. भुवया जळाल्या, एवढ्यावर निभावले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, जमिनीशी साचतो. दोनदा प्रयत्न करून ज्योत लागली नाही तर तिसरा करू नये. तोटी बंद, रेग्युलेटर बंद, दार-खिडकी उघडी, आणि मग पुस्तिका. वास येत असेल तर विजेचे बटण चालू करू नये, चालू असलेले बंदही करू नये. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

आता आपल्या गावच्या दोन अडचणी. एक खारी हवा. राजपुरीच्या खाडीवरून येणारा वारा खिडकीच्या गजांना सोडत नाही, तिथे गीझरच्या पत्र्याचे काय! गंजाची पूड जाळाच्या भोकांत पडते आणि पावसाळ्यात यंत्र बंद असले की कोळी आत घर करतो. मग निळी ज्योत पिवळी होते. पिवळी, लवलवती ज्योत हाही एक कोडच आहे, मात्र तो काचेत उमटत नाही, डोळ्यांनी पाहावा लागतो. आपल्या आयांनी स्टोव्हच्या ज्योतीचा रंग पाहून पिन मारली, त्यांना कोणी पुस्तिका दिली नव्हती. पेटीतली भोके मात्र आपण पिनेने उकरू नयेत, ते काम जाणत्याचे.

दुसरी अडचण पाण्याची. पुष्कळदा पेटी ना ठिणगी टाकते, ना आकडा दाखवते. आपण म्हणतो, गीझर मेला. मेलेला नसतो, पाण्याचा दाब कमी असल्यामुळे तो रबरी पडदा हललेलाच नसतो. १० मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे १ बार दाब मिळतो. आपली टाकी न्हाणीघराच्या तोटीपासून तीन मीटर वर असली तर दाब ०.३ बार. काही गीझर एवढ्यावर चालतात, काही चालत नाहीत. घेण्यापूर्वी दुकानदाराला रंग न विचारता हा आकडा विचारावा. चालणारा गीझर एकाएकी अडला तर आधी पाणी येते त्या तोंडाची जाळी काढून धुवावी. विहिरीचा गाळ तिथे बसलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. मॉनसाहेबांच्या यंत्राला धुराची नळी नव्हती, आणि आपल्याकडच्या लहान गीझरांपैकी पुष्कळांना आजही नाही. जे काही जळते त्याचा वायू त्याच खोलीत पडतो. हिशेब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस जळावयास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे वीस मिनिटांत चार घनमीटर. पाच फूट बाय सहा फूट, आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून हवा असते सात घनमीटरांहून थोडी कमी! निम्म्याहून अधिक हवा एका लांबलेल्या आंघोळीत खर्ची पडते. सगळी संपेपर्यंत ज्योत वाट पाहत नाही. प्राणवायू थोडा कमी झाला की ती अर्धवट जळू लागते, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. बंबातले लाकूड ओले असले की आपण खोकत बाहेर यायचो. तो धूर छळायचा, पण सावध करायचा. हा वायू सावध करीत नाही.

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक जोराने धरून ठेवते. डोके दुखते, मळमळते, गरगरते, पाय गळतात. आपण म्हणतो, पित्त झाले असेल. आणि पाय गळाल्यावर कडी काढता येत नाही. हिवाळ्यात बंद न्हाणीघरात माणसे बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो त्या अशा. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारे गीझर आहेत, ती योजना चांगली आहे. पण तोटी बंद करून पुन्हा सोडली की वीस मिनिटे पुन्हा सुरू होतात, आणि घरात पाच जणांच्या आंघोळी एकामागून एक असल्या तर ती योजना कोणाला वाचवणार?

या वायूचा कोड आपल्या साध्या पेटीवर नाही, म्हणून सोय आपणच केली पाहिजे. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत, पावसापासून आडोशाला लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. हा खर्च एकदाच होतो. ते जमत नसेल तर खाली एक आणि वर एक असा झरोका हवाच, आणि गारवा येतो म्हणून त्यांत कागदाचे बोळे कोंबू नयेत. हे बोळे मी स्वतः पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. त्याहून चांगले म्हणजे बादली आधी भरून घ्यावी, गीझर बंद करावा आणि मग आंघोळीला बसावे. मुलांना आणि म्हाताऱ्यांना कडी लावू देऊ नये. या वायूची सूचना देणारे सेलवरचे यंत्र मिळते. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत ते बसवणे घरमालकावर बंधनकारक आहे. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या भगिनींनी तरी ते घ्यावे. पाहुणा आपल्या भरवशावर कडी लावतो.

कोणी आत कोसळले तर आधी दार-खिडकी उघडा, गॅस तोडा, माणसाला अंगणात आणा आणि १०८ ला फोन करा. करोनाच्या दिवसांत घेतलेले बोटाला लावायचे यंत्र पुष्कळ घरांत आहे. त्याच्यावर विश्वासू नका! त्याला विषारी वायूने भरलेले रक्त आणि प्राणवायूने भरलेले रक्त यांतला फरक कळत नाही, ते ९८ दाखवील आणि माणूस गुदमरत असेल. डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा की गीझर चालू होता.

शेवटी दुरुस्तीविषयी थोडे. आपल्याकडे माणूस मुरूडहून किंवा खाडीपलीकडून, दिघीच्या बोटीने यावयाचा. त्याला ‘चालत नाही’ एवढेच सांगितले तर तो एकदा पाहावयास येतो आणि दुसऱ्यांदा सामान घेऊन येतो, आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे आपणच भरतो. फोनवर कंपनीचे नाव, पेटीच्या खालच्या चिठ्ठीवरचा नमुना-क्रमांक, काचेतला आकडा, ज्योत लागलीच नाही की लागून विझली, आणि सेल कधी बदलले, एवढे सांगावे. मोबाइलवर काचेचा फोटो काढून पाठवला तर उत्तम. आकडा पुसून टाकण्यापूर्वी काढावा, हे सांगावयास नको.

ज्यांच्या पुस्तिका इंग्रजीत आहेत त्यांनी त्या शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत घेऊन याव्यात. प्रत्येकीच्या गीझरचे आकडे आणि त्यांचे अर्थ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देऊ. कागदाला प्लॅस्टिकचे आवरण घालून तो गीझरशेजारी टांगावयाचा आहे, तेव्हा दोऱ्याचे एक रीळ कोणी तरी आणा.