बारशाआधीचे आजारपण



आम्ही वैद्य नव्हे, वकीलही नव्हे. यंत्रावर काम करता करता कायद्याची पुस्तके वाचायला शिकलो, एवढीच आमची पदवी. तरी आज तान्ह्या मुलाच्या विम्याविषयी बोलणार आहोत.

वाळूजच्या एका कामगाराची बायको सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोराला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. कारखान्याची सामुदायिक पॉलिसी होती. बाळंतपणाचे पैसे मिळाले, पेटीचे बिल मात्र परत आले. का, तर मुलाचे नाव यादीत नाही! अहो, नाव असणार कुठून? आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी. आम्ही तीन खेपा घातल्या, तेव्हा पॉलिसीतले कलम दाखवण्यात आले : मूल नव्वद दिवसांचे झाल्यावरच विम्यात घेता येईल. मुलाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका पहिल्या महिन्यात असतो, आणि वगळलेला काळ नेमका तोच. बापाने बायकोची पोत गहाण टाकली.

राज्य कामगार विमा योजना 1952 साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आरंभी उपचार एकट्या कामगाराला मिळत. कुटुंबाला ते 1958 पासून मिळू लागले. तिथे विमेदाराचे मूल जन्मापासून कुटुंबातलेच. मग हा गडी त्या योजनेत का नव्हता? 2017 साली तिची पगारमर्यादा 21,000 रुपये झाली, आणि याचा पगार तिच्यावर गेला होता. ती पगारवाढ आम्हीच भांडून मिळवली होती! सत्कारात हार घालून घेतले, पण त्या वाढीने घरातले काय जाते, हे विचारायचे आम्ही विसरलो. ही चूक आमची.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बालकाला मोफत उपचार देण्याची योजना 2011 पासून आहे. आमच्या कितीतरी माणसांना ती ठाऊक नाही. त्या बापालाही नव्हती.

आता नावाचे पाहा. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची, ती नावावाचून होते. नाव बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येते. सरकारी दप्तराला बिननावाचे मूल चालते, तर विमा कचेरीला का चालू नये? पहिल्या दिवसापासून मुलाला सामावणारी सामुदायिक पॉलिसी मिळते. हप्ता जास्त पडतो, एवढेच.

यंदाच्या करारात आम्ही पगाराच्या आकड्याआधी हे कलम लिहिले आहे. मालकांनी विचाराला मुदत मागितली आहे. दरम्यान दोघी कामगारभगिनींचे दिवस भरत आले आहेत.