सुप्याच्या बाजारांतील साक्ष

जुन्या कर्जरोख्याच्या तळाशीं एक शब्द ठरलेला असे; तो म्हणजे ‘साक्ष’. वर रकमेचा आंकडा, व्याजाचा दर व मुदत. खालीं ऋणकोची निशाणी. आणि तिच्या शेजारीं दोघां-तिघां साक्षीदारांचीं नांवें. कुणब्यास लिहितां येत नसल्यामुळें त्याची निशाणी बहुधा नांगराची असे. कागदावर काय लिहिलें आहे हें त्यास वाचतां येत नव्हतें. तथापि तो त्यानें समजून-उमजून लिहून दिला, असें कोर्टांत सांगावयास साक्षीदार मात्र तयार असत. असेच रोखे १८७५ सालीं सुप्याच्या भरबाजारांत जाळले गेले, आणि त्या जाळण्यास सारा बाजार साक्षी होता. या दोन प्रकारच्या साक्षींचा विचार श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

सुपें आज बारामती तालुक्यांत मोडतें. त्या काळीं तें भीमथडी तालुक्यांत होतें. शहाजीराजांच्या जहागिरीमुळें पुणें आणि सुपें हीं नांवें इतिहासाच्या वाचकांस जोडीनेंच परिचित आहेत. गांव मोठें, बाजाराचें. धान्याचीं व कापडाचीं दुकानें थाटलेले गुजराती सावकार तेथें राहत, आणि भोंवतालच्या खेड्यांतील शेतकऱ्यांचीं खातीं त्यांच्याच वह्यांत असत. १२ मे १८७५, बुधवार, हा बाजाराचा दिवस. उन्हाळा शेवटास आलेला. शेतांत काम नाहीं आणि घरांत दाणा नाहीं, असा तो हंगाम. त्या दिवशीं बाजारास आलेला समुदाय सौदा सोडून दुकानांवर चालून गेला. मागणी एकच होती: खतें आणि वह्या बाहेर काढा.

सरकारी अंमलदार सुप्यास पोहोंचला तो शनिवारीं, म्हणजे १५ तारखेस. त्यानें काय पाहिलें याची हकीकत दुसऱ्याच दिवशीं पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनें वर कळविली. एका सावकाराचें घर जळून गेलें होतें. सुमारें डझनभर घरें फोडून त्यांतील चीजवस्तु रस्त्यावर आणून जाळली होती. हिशेबाचे कागद, रोखे, धान्य, देशी कापड, या सर्वांच्या राखेचे ढीग तीन दिवसांनंतरहि रस्त्यांत तसेच पडले होते. पन्नास माणसें धरलीं गेलीं. दोन हजार रुपयांचा माल परत मिळाला. नुकसानीचा अंदाज पंचवीस हजारांवर गेला, आणि सावकारांचें म्हणणें तर लाखाचें होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पुढील दोन महिन्यांत हें लोण पुणें जिल्ह्यांतून नगर जिल्ह्यांत जाऊन तीसांहून अधिक गांवांस लागलें. परंतु जेथें सावकारानें रोखे निमूटपणें हवालीं केले, तेथें बहुधा त्याच्या अंगास कोणी हात लावला नाहीं. जमावाचा रोख माणसापेक्षां कागदावर होता. म्हणून त्यांत अन्याय झाला नाहीं असें मात्र नव्हे. ज्याचा संसार रस्त्यावर जळाला त्याच्या घरांतहि बायकामुलें होतीं. कित्येक सावकार भयानें गांव सोडून पळाले. जाळलेल्या कागदांत खोटे होते तसे खरेहि होते. शेतकऱ्यास वाचतां येत नव्हतें, आणि आगीलाहि वाचतां येत नाहीं.

मग ही आग कशी पेटली? त्याचें उत्तर शोधण्यासाठीं सुप्याहून पूर्वेस, इंदापुराकडे वळावें लागतें. इंग्रजी अमलांतील मोजणीची व तीस वर्षांच्या साऱ्याची जी पद्धति पुढें साऱ्या मुंबई इलाख्यांत रूढ झाली, ती गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३६ च्या सुमारास प्रथम इंदापूर तालुक्यांतच बसविली. तीस वर्षें भरतांच, १८६७ सालीं, तेथेंच फेरआकारणी होऊन सारा पुष्कळ चढला. मधल्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास सोन्याचें मोल आलें होतें. सावकारानें हात सैल सोडला होता. युद्ध संपलें, भाव कोसळला. सारा मात्र चढतच गेला, आणि सावकारानें हात आंखडला.

त्यांत कायद्याची भर पडली. रोख्यावरील फिर्याद तीन वर्षांच्या आंत केली पाहिजे, असें १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें ठरविलें. व्याज फार सांचूं नये हा त्याचा हेतु. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनीं मुद्दल व व्याज एक करून नवा रोखा होऊं लागला. पुन्हां नांगराची निशाणी, पुन्हां तेच साक्षीदार. फेडीची पावती मागितली तर मिळेच असें नाहीं. अशा स्थितींत शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवानें १८७४ च्या डिसेंबरांत निराळा मार्ग धरला होता. दीडशें रुपयांच्या हुकूमनाम्यावरून एका देशमुखाच्या घरावर बजावणी आणणाऱ्या सावकारावर गांवानें बहिष्कार घातला. तेथें आग नव्हती. पांच महिन्यांनीं सुप्यास ती लागली.

दंग्याबद्दल दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं व त्यांपैकीं ५०१ जणांस शिक्षा झाली. परंतु केवळ शिक्षेनें प्रश्न सुटत नाहीं हें सरकारनेंहि ओळखलें. चौकशीसाठीं कमिशन नेमलें गेलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस साह्य देणारा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. रोख्यावर काय लिहिलें आहे एवढ्यावरच न थांबतां मूळ व्यवहार काय झाला तो कोर्टानें उकरून पाहावा, आणि पैशाच्या हुकूमनाम्यावरून शेतकऱ्यास तुरुंगांत टाकूं नये, असें त्यानें ठरविलें. फेडीची पावती देणेंहि बंधनकारक केलें. शिवाय शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिला जावा, तो त्यानें मोठ्यानें वाचून दाखवावा, देणाऱ्यास समजला अशी खात्री करून घ्यावी, आणि मगच त्यावर निशाणी व्हावी, असाहि नियम झाला.

म्हणजे सुप्याच्या बाजारांत जें मागितलें गेलें त्यांतील न्याय्य भाग चार वर्षांनीं मान्य झाला, आणि तो अगदीं साध्या शब्दांत मांडतां येतो: जो साक्ष घालतो त्यानें खरोखर पाहिलेलें असावें. तो कायदा आतां इतिहासजमा झाला आहे. सावकाराच्या वहीची जागा छापील अर्जांनीं व यंत्रावरील पडद्यांनीं घेतली आहे. तरी न वाचतां सही करणारे आणि न पाहतां साक्ष घालणारे अजून आहेत. रस्त्यांत आग लागली म्हणजे ती पाहावयास सारा गांव धांवतो. त्याच्या कितीतरी आधीं, शांतपणें, एखाद्या बैठकींत कागदावर निशाणी होत असते. त्या वेळीं तेथें बसलेल्या एकानें जरी ‘हें वाचून दाखवा’ असें म्हटलें असतें, तरी सुप्याच्या रस्त्यांतील राखेचा एखादा ढीग खचित कमी झाला असता.